बॉर्डरवरची साखर आणि कारखान्यातले ताट

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत कामगारांची जी वार्षिक आरोग्य तपासणी होते, तिच्या अहवालांत एक नोंद वारंवार आढळते: रक्तातील साखर मधुमेह म्हणावा इतकी वाढलेली नाही, पण निर्धास्त राहावे इतकी कमीही नाही. वैद्यकाच्या परिभाषेत या स्थितीला पूर्वमधुमेह म्हणतात, कामगार मात्र ‘शुगर बॉर्डरवर आली’ असे सांगतो, आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर मिळालेल्या मोजक्या मिनिटांत ‘गोड कमी करा, भात बंद करा, रोज चाला’ एवढा सल्ला पदरात घेऊन तो आहारतज्ज्ञाच्या टेबलापाशी येतो. अशा टेबलामागे बसून दीर्घकाळ काम करणाऱ्याच्या लक्षात हळूहळू येते, की छापील आहारतक्ता कर्बोदकांचे ग्रॅम अचूक सांगत असला, तरी ती कर्बोदके त्या माणसाच्या ताटात कशामुळे आली आणि ती काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी काय येणार आहे, याविषयी तो काहीच सांगत नाही. प्रत्यक्ष कामाचा बहुतेक भाग या दुसऱ्या प्रश्नाशी झगडण्यात जातो.

अहवालाचा अर्थ लावणे हे त्या कामाचे पहिले पाऊल असते आणि ते वाटते तितके सरळ नसते. किमान आठ तास उपाशी राहिल्यानंतर एक डेसिलिटर रक्तात १०० ते १२५ मिलिग्रॅम ग्लुकोज आढळले, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी ते १४० ते १९९ च्या दरम्यान राहिले, किंवा एचबीए१सी ही चाचणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार ती व्यक्ती पूर्वमधुमेही मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेसाठी खालची मर्यादा ११० धरते, त्यामुळे एकाच अहवालाचे दोन डॉक्टर दोन निरनिराळे अर्थ सांगू शकतात. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण, आणि या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवतो. कारखान्यात मात्र याहूनही साधी अडचण समोर उभी राहते. तपासणीचे रक्त बहुधा सकाळी घेतले जाते, आणि रात्रपाळी संपवून आलेल्या कामगाराने पहाटे चार वाजता साखरेचा चहा आणि दोन खारी घेतलेल्या असतात. त्याने ‘रात्रीपासून जेवलो नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगितले, तरी ते रक्त उपाशीपोटीचे नसते. म्हणून शेवटचा घोट आणि शेवटचा घास केव्हा घेतला, झोप किती झाली, मागच्या आठवड्यात ताप किंवा स्टेरॉइडचे औषध होते का, हे विचारल्याशिवाय, आणि गरज वाटल्यास चाचणी पुन्हा करून घेतल्याशिवाय, कोणाच्याही ताटाला हात लावू नये.

इशारा खरा ठरला, तर त्यामागे बहुधा इन्शुलिन रोध असतो. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन रक्तातील ग्लुकोजला स्नायूंत आणि यकृतात शिरण्याची वाट मोकळी करून देते. पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठू लागली, की स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडावे लागते, आणि त्याची ही वाढीव मेहनत अपुरी पडू लागली की साखर वर सरकते. भारतीयांच्या बाबतीत ही चरबी बाहेरून दिसतेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या शरीरठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवून दिले, की दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ असा सारखाच असताना युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. सडपातळ कामगार जेव्हा ‘माझ्या अंगावर मांस नाही, मला कुठली शुगर’ म्हणून अहवाल बाजूला सारतो, तेव्हा त्याच्या कमरेभोवती मोजपट्टी गुंडाळणे हे दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडते, कारण भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते आणि हातपाय काटकुळे असूनही ती ओलांडलेली अनेकदा आढळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि पूर्वमधुमेही सुमारे १३.६ कोटी असल्याचा अंदाज दिला. म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या आत गेलेल्यांहून मोठी आहे, आणि यांपैकी बहुतेकांना आज काहीही त्रास जाणवत नाही.

टेबलापाशी आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ‘काय बंद करू?’ असे विचारतो. हा प्रश्न भीतीतून आलेला असतो आणि त्याचे सोपे उत्तरही तयार असते, म्हणूनच तो धोक्याचा आहे. ‘भात बंद’ हे वाक्य घरी गेल्यावर ‘एक चपाती जास्त’ असे अमलात येते. चपातीपेक्षा भाकरी चांगली असे ऐकलेला माणूस दोन चपात्या सोडून दोन भाकऱ्या खाऊ लागतो, आणि त्याच्या ताटातील कर्बोदके दुपटीहून वाढतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका चपातीत सुमारे १९ ग्रॅम कर्बोदके असतात, तर साठ-सत्तर ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ती ४० ते ४७ ग्रॅम भरतात; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटक कोष्टकांत ज्वारी आणि गहू यांच्यातील कर्बोदकांचे प्रमाण फारसे दूर नाही, आणि कणीक चोकरासह वापरली तर तंतूंचे प्रमाणही जवळपास तितकेच आहे. ज्वारी उत्तम धान्य आहे, तिने पोट अधिक वेळ भरलेले राहते असे अनेकजण सांगतात आणि २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर तिला शहरातही पुन्हा मान मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु भाकरी ही मोजून खाण्याची वस्तू आहे, हे सांगितल्याशिवाय तिची शिफारस करणे अर्धवट ठरते.

कारखान्याचे उपाहारगृह हे या हिशेबाचे मोठे विद्यापीठ आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४६ नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवणे मालकावर बंधनकारक करता येत होते, आणि तिथले सवलतीच्या दरातील जेवण हे अनेक कामगारांच्या दिवसातील सर्वांत मोठे जेवण असते. त्या ताटाचे वजन करून पाहिले, तर चार चपात्यांची सुमारे ७६ ग्रॅम, वाढलेल्या अडीचशे ग्रॅम भाताची सुमारे ७०, बटाट्याच्या भाजीची १५ आणि पातळ वरणाची १० अशी एकूण १७० ग्रॅमांच्या आसपास कर्बोदके भरतात. बैठे किंवा मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या आणि रोज २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाने त्यांपैकी ५५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतली, तर त्याच्या पूर्ण दिवसाचा वाटा २७५ ग्रॅम होतो, कारण एका ग्रॅम कर्बोदकातून चार किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका बैठकीतच दिवसाचा साठ टक्के वाटा संपतो आणि नाश्त्याचे पोहे, चहा आणि रात्रीचे जेवण अजून बाकी असते. पूर्वी हातोडा, फाइल आणि लेथवर राबणाऱ्या शरीराला हे ताट पेलत होते. आता त्याच विभागात यंत्रमानव जोडणी करतो आणि कामगार पडद्यावर लक्ष ठेवतो, ताट मात्र जुन्या श्रमांच्या मापाचेच राहिले आहे.

या ताटातून चपात्या आणि भात निम्म्यावर आणले आणि दुसरे काहीच वाढवले नाही, तर काय होते ते कोणत्याही आहारतज्ज्ञाने पुष्कळदा पाहिलेले असते. पहिला आठवडा निर्धाराने जातो, नंतर दुपारी चार-पाचच्या सुमारास भूक असह्य होते आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या गाडीवरचा वडापाव समोर असतो. एका वडापावात मैद्याचा पाव आणि बटाटा मिळून ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदके असतात, शिवाय तळणीचे तेल. काढलेला भात असा परत येतो. म्हणून आधी भर घालावी आणि मग काढावे, हा क्रम अनुभवाने पक्का होतो. मटकी, चवळी, मूग किंवा हरभऱ्याची मोठी वाटीभर घट्ट उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक हे ताटात आधी आले, की दोन चपात्या आणि एक वाटी भात यांवर पोट खरोखर भरते आणि एकूण कर्बोदके १०५ ग्रॅमांच्या आसपास येतात. चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीतून सुमारे आठ ग्रॅम प्रथिने आणि सहा ग्रॅम तंतू मिळतात. प्रथिनांमुळे भूक लांबते आणि तंतूंमुळे ग्लुकोज रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. मांसाहारी कामगाराला अंडी आणि मासळी सुचवता येतात, पण सोमवार, गुरुवार, शनिवार, श्रावण आणि मार्गशीर्ष पाळणाऱ्या घरात आठवड्याचे निम्मे दिवस त्यांचा उपयोग नसतो. अशा दिवशी दोन चपात्यांबरोबर डाळीच्या पिठाचे घट्ट पिठले हा फार चांगला आणि स्वस्त आधार ठरतो, आणि तो कोणालाही नव्याने शिकवावा लागत नाही.

स्वस्त हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. कायम नोकरीतल्या कामगाराला कडधान्याचा खर्च झेपतो, कंत्राटी कामगाराचे तसे नसते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि व्यवहारात ते गहू आणि तांदूळ असते, तर डाळ, मटकी, अंडी आणि भाजी बाजारभावाने घ्यावी लागते. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात केवळ भात आणि पातळ आमटी शिजते, त्याला भात सोडायला सांगणे म्हणजे उपाशी राहायला सांगणे होय. अशा वेळी शेंगदाणे, फुटाणे, सोयाबीन आणि हंगामात ज्या दिवशी जी स्वस्त असेल ती पालेभाजी, यांतूनच मार्ग काढावा लागतो, आणि सल्ला देणाऱ्याला मंडईतले भाव पाठ असणे हे ग्लायसेमिक निर्देशांक पाठ असण्याइतकेच आवश्यक ठरते.

हा निर्देशांक १९८१ साली टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. ठरावीक कर्बोदके असलेला पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वर जाते, याची शुद्ध ग्लुकोजशी तुलना करून तो काढतात. ग्लुकोज १०० धरले तर ५५ पर्यंतचे पदार्थ कमी आणि ७० किंवा त्याहून अधिकचे पदार्थ जास्त निर्देशांकाचे मानतात, आणि पांढरा भात बहुधा या वरच्या गटात पडतो. संकल्पना उपयुक्त आहे, पण भात कोणी नुसता खात नाही. वरण, तूप, लिंबू, भाजी यांच्या संगतीने त्याचा परिणाम बदलतो, आणि किती खाल्ला यावर तर सर्वाधिक अवलंबून असतो. जाहिरातींनी या शास्त्राचा जो वापर चालवला आहे तो मात्र चिंतेचा आहे, कारण ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ असे नाव वाचून बिस्किटांचा पुडा निर्धास्तपणे संपवला जातो, आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे चहा निर्दोष झाला असे मानले जाते. गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो.

ताटातील क्रमाचा मुद्दा याहून फलदायी आहे. भाजी आणि प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. अनेक मराठी घरांत जेवणाची सुरुवात वरणभाताने आणि शेवट ताकभाताने होतो, कोशिंबीर डाव्या बाजूला चमचाभर असते. तिथे उसळ आणि कोशिंबिरीने सुरुवात करून भात एकदाच, शेवटी, ताकाबरोबर घ्यावा असे सुचवले, तर कोणताही पदार्थ न सोडता बदल घडतो, आणि ज्यांना पथ्य हा शब्दच जाचतो अशी माणसे हा बदल आनंदाने स्वीकारतात.

चहाचा हिशेब लहान पण निर्णायक असतो. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांत ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी २००० किलोकॅलरींच्या आहारात सांगितलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे, आणि २५ ग्रॅमांच्या आत राहणे अधिक हिताचे असे तिचे म्हणणे आहे. उपाहारगृहातील यंत्रातून साखर मिसळलेलाच चहा येत असेल, तर कामगाराच्या निश्चयाला काही अर्थ उरत नाही; बिनसाखरेचा चहा आणि वेगळी साखर ठेवणे हा व्यवस्थेचा निर्णय आहे.

उपवासाच्या दिवशी कर्बोदके घटण्याऐवजी वाढतात, ही गोष्ट बहुतेकांना प्रथम ऐकताना पटत नाही. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातील जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि बटाटा घातलेल्या खिचडीच्या एका बशीत साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके सहज जातात. संकष्टी, एकादशी आणि एखादा वार पाळणाऱ्या माणसाच्या महिन्यात असे दिवस बरेच येतात. श्रद्धेला धक्का न लावता इथे वाट काढता येते. भगरीचा भात मोजका घेऊन त्यावर दाण्याची आमटी भरपूर घ्यावी, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर यांना जागा द्यावी, आणि साबुदाणा महिन्यातून एखाद्या वेळी ठेवावा, असे सुचवल्यावर घरातील वडीलधाऱ्यांचाही विरोध होत नाही, कारण यांतील एकही पदार्थ उपवासाला न चालणारा नाही.

रात्रपाळीवर समाधानकारक उत्तर नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. शरीराच्या दैनिक घड्याळामुळे रात्री ग्लुकोज हाताळण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे दुपारी चालणारे तेच ताट रात्री दोन वाजता साखर अधिक चढवते. कामावर निघण्यापूर्वी पूर्ण जेवण, मध्यरात्रीनंतर उकडलेली अंडी, फुटाणे किंवा ताक यांसारखे थोडेसे खाणे, आणि घरी परतल्यावर हलका नाश्ता करून झोप, एवढी मांडणी शक्य असते. पण दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर शरीराला कोणताच क्रम लाभत नाही, आणि पूर्वमधुमेही कामगाराला लागोपाठच्या रात्रपाळ्यांतून सवलत मिळावी अशी शिफारस करणे हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांचेही कर्तव्य ठरते.

या सगळ्या खटाटोपाने मधुमेह खरोखर टळतो का, या प्रश्नाला आता भक्कम उत्तर आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम ही उद्दिष्टे ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले, त्यात जीवनशैलीतील बदलांनी २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घट झाली. भारतीय आकडा लहान वाटला तरी नियंत्रण गटातील निम्म्याहून अधिक लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला होता हे लक्षात घेता तो मोलाचा आहे. चालणे यात आहाराइतकेच वजनदार आहे, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातून ग्लुकोज उचलतो. म्हणून जेवणानंतरच्या शतपावलीची जुनी सवय, विशेषतः दुपारच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटे, पुन्हा लावून घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला, की डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवलेली दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत चर्चेत येतेच. मधल्या वेळचा चहा-बिस्कीट-फरसाण तिच्यामुळे सुटतो हा तिचा मोठा लाभ प्रत्यक्ष दिसतो. परंतु त्या दोन जेवणांत काय आहे हा प्रश्न तिथेही उरतो, आणि साखर उतरवणारी काही औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बदल केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

सल्ला कामगाराला दिला जातो, स्वयंपाक मात्र बहुधा त्याची पत्नी करते, आणि तिला टेबलापाशी बोलावल्याशिवाय फारसे काही बदलत नाही. ती आली, की आणखी एक गोष्ट उघड होते. सर्वांना वाढून झाल्यावर उसळीचे पातेले रिकामे असते, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात तिच्या वाट्याला येतो. गरोदरपणात साखर वाढल्याचा इतिहास असलेल्या स्त्रीचीही नंतर तपासणी झालेली नसते, कारण वार्षिक तपासणी नोकरी करणाऱ्याची असते. तिचा एचबीए१सी वाचताना हिमोग्लोबिन पाहणे आवश्यक ठरते, कारण लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तो आकडा प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो.

तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा होते. कोणाचा आकडा सर्वसाधारण पातळीवर आलेला असतो, कोणाचा तिथेच थांबलेला असतो, आणि सर्व काही पाळूनही ज्याचा वाढलेला असतो त्याच्या घरी आई-वडील दोघांनाही मधुमेह असल्याचे अनेकदा आढळते. त्याला दोष न देता मेटफॉर्मिनसाठी डॉक्टरांकडे पाठवावे लागते. ज्यांचा आकडा उतरला त्यांना वर्षातून एकदा तरी तपासणी चालू ठेवावी लागते, कारण पाळ्या आणि उपाहारगृह तेच असते. १९४८ च्या त्याच कायद्यात उपाहारगृहाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधींसह समिती असण्याची तरतूद होती, आणि आहारतज्ज्ञाने खरा वेळ द्यायला हवा तो अशा समितीच्या बैठकीला. तिथे भाताला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव नेला तर तो फेटाळला जातो, आणि ते रास्तच आहे, कारण हवा तेवढा भात हा कामगार संघटनेने मिळवलेला हक्क आहे. उसळ आणि कोशिंबीरही हवी तेवढी मिळावी, आणि वाढपाच्या ओळीत ती चपाती-भाताच्या आधी ठेवावी, ही मागणी मात्र कामगारांचे प्रतिनिधी स्वतः उचलून धरतात. मग व्यवस्थापनाशी चर्चा उरते ती ताटामागे वाढणाऱ्या रुपयांची.